धक्क्यावरचा उशीवाला

९ जानेवारी

टिटवे,

तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस, असं तू पुन्हा विचारलंयस, म्हणून पुन्हा सांगतो. फोनवर माणसं विचार न करता बोलतात आणि तेच ऐकण्याचा मला पगार मिळतो. पत्र लिहायला बसलं की निदान निम्मा मूर्खपणा पेनातच अडकतो.

इथलं विचारतेस. हे पाणथळ उद्यान म्हणजे नदीनं नको म्हणून टाकून दिलेली जमीन. पाणी, चिखल, पाणकणसांची दाट बेटं आणि पाखरं. तेवढंच राहिलं असतं तर माझ्यासारखा सुखी अधीक्षक शोधून सापडला नसता. पण वरच्यांना वाटलं, लोकांना निसर्ग दाखवावा. मग सहलीची बाकं आली, चुलीचे ओटे आले, गळ टाकणाऱ्यांसाठी लाकडी धक्का आला आणि शेवटी लोक आले. लोक म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू शाळांच्या मुख्याध्यापकांना गणवेश शिवून देतेस. काल एक कुटुंब पक्षी पाहायला म्हणून आलं आणि बगळ्याला पाव दाखवून 'ये, ये' करत बसलं. बगळ्यानं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती माझी नजर होती.

तरी सहलवाले परवडले. खातात, भांडतात, घाण करतात, जातात. गळवाले जात नाहीत. शस्त्रक्रियेला बसल्यासारख्या पेट्या उघडून बसतात. बोटभर मासा लागला की गड जिंकल्यासारखा फोटो काढतात आणि मग नियमाप्रमाणे तो पाण्यात परत सोडतात. एका जिवाचा ओठ फाडून त्याला बाहेर काढायचं, आणि मग 'जा बाबा' म्हणायचं. याला छंद म्हणतात.

यंदा एक नवंच ध्यान आलंय. दर रविवारी धक्क्याच्या टोकाला बसतं, बुडाखाली उशी घेऊन. शाळेच्या पोरांच्या चौकडीच्या कापडाची उशी, तिला बंद, बंदाला बटण. खांद्याला लटकवून ऐटीत येतो. गळ टाकायचा गंध नाही. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःचीच टोपी पकडली. मी नाव विचारलं नाही. गळवाल्याला नाव विचारलं की तो निसटलेल्या माशाची लांबी सांगतो.

तुझ्या नवऱ्याचा विषय आपल्या पत्रांत नसतो, ही अट तू पाळतेस, हे बरं. माणसांना वर-खाली नेणाऱ्या पेटीला तेल घालणं हा ज्याचा धंदा, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं असणार तरी काय?

दादा


२० जानेवारी

दादा,

नमस्कार तुला नाही, त्या बगळ्याला.

अट मी पाळते, कारण तू लग्नाला आला नाहीस आणि लग्नाचा फोटो पाठवला तर पाकीट न फोडता परत केलंस. ज्याला माणूस बघायचाच नाही त्याला मी वर्णन कशाला करू? माझ्याकडे वेळ नाही. शाळा सुरू व्हायच्या आत सगळे गणवेश द्यायचेत, आणि एका मुख्याध्यापकबाईंना आता कॉलरचा रंग 'जरा शिस्तबद्ध' हवाय. मी विचारलं, म्हणजे कुठला? म्हणाल्या, तुम्हाला कळायला हवं. मी आहे तोच रंग इस्त्री करून परत दाखवला. हाच, म्हणाल्या. तुझ्याकडे सहलीला येणारी माणसं सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे असतात, हे लक्षात ठेव.

एक धंद्याचा प्रश्न. त्या उशीची चौकडी करड्यावर निळी आहे का? आणि बंदाला पितळी बटण? माझं कापड कुठवर पोचलं ते कळावं, एवढ्यासाठीच विचारतेय.

टिटवी


२ फेब्रुवारी

टिटवे,

करड्यावर निळी. बटण पितळी. तुझ्या कापडाची कीर्ती बुडापर्यंत पोचली आहे, अभिनंदन.

तो अजून येतो. मासा एकही नाही. गेल्या रविवारी त्याची दोरी लव्हाळ्यात अडकली, ती सोडवायला सांगायला मी गेलो, कारण तिथे पाणकोंबडी घरटं करतेय आणि तिला गळवाल्यांपेक्षा जास्त अक्कल आहे. मी परत निघालो तेव्हा त्यानं विचारलं, साहेब, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मी आणि शांतता. मग म्हणाला, भाऊबहीण? लोकांना पाण्याकडे पाहत बसता येत नाही, मध्ये माणसं घालावी लागतात. तरी सांगितलं. एक बहीण आहे. आईबाबा गेल्यावर मीच वाढवली, शिकवली. हुशार होती. एका लिफ्टवाल्याबरोबर वाया गेली.

त्यानं सुटलेली दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "लिफ्टवाले इतके वाईट नसतात हो. माणूस मध्येच अडकला की तेच सोडवतात."

असल्या विनोदाला मी हसत नाही. त्यानं डबा उघडून अर्धं उकडलेलं अंडं पुढे केलं. मी घेतलं. पाण्यात टाकलं असतं तर नियमभंग झाला असता.

दादा


७ फेब्रुवारी

ए शहाण्या,

फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागदावर तुझं हसू मला ऐकू येत नाही.

रविवारी खोलीवर झोपा काढतो म्हणालास. ती उशी मी तुला बसच्या प्रवासात पाठ धरू नये म्हणून शिवली होती, माझ्या भावाच्या धक्क्यावर बसून अपमान गिळायला नाही. आणि गळ? तुला ताटातला मासा काटा न लागता खाता येत नाही, तू नदीतला काय पकडणार?

त्यानं मला सगळं लिहिलंय. तू कोण ते त्याला ठाऊक नाही, म्हणून अगदी रंगवून. तुझ्या तोंडावर तो म्हणाला की मी तुझ्याबरोबर वाया गेले, आणि तू त्याला अंडं दिलंस. ते अंडं मी उकडलेलं नव्हतं हेच नशीब.

दादाला मी ओळखते. तो सगळ्यांना खुजं म्हणतो, कारण त्याशिवाय त्याला आपली उंची कळत नाही. मी पत्रं लिहिते ती त्यानं मला वाढवलं म्हणून. तू काय त्याचं देणं लागतोस? त्याच्या दारात बसून माझ्यासाठी भाऊ मागतोयस का? भिकेत मिळालेला भाऊ मला नको. हॉस्पिटलच्या लिफ्ट बसवायला तुला त्या गावात पाठवलंय, त्या बसव आणि घरी ये.

तुझीच


१२ फेब्रुवारी

बाई,

रागाव, पण मशीन चालू असताना नको, बोटात सुई जाईल.

मी भीक मागायला गेलो नव्हतो, भांडायला गेलो होतो. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. आपल्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, त्यामुळे ओळखायची अडचण नव्हती. ठरवलं होतं की चार लोकांत गाठायचं आणि म्हणायचं, मीच तो, ज्याचं तोंडही तुम्हाला बघायचं नव्हतं. आता बघा.

पोचलो तर काय, सहलीला आलेल्या एका टोळक्यानं त्याची टोपी कचऱ्याच्या डब्यावर चढवली होती आणि त्या डब्याला सलाम ठोकत होते. तो समोर उभा राहून फलकावरचे नियम मोठ्यानं वाचत होता. एकेक नियम, शेवटपर्यंत. कोणी ऐकत नव्हतं. मग त्यानं टोपी उचलली, झटकली, घातली आणि गेला. माझं काम दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलं होतं, आणि फार घाणेरडं केलं होतं. माझं भाषण मला फुटकळ वाटायला लागलं. तिथेच भाड्यानं काठी मिळते, ती घेतली नि बसलो.

मला तो आवडत नाही, हे लिहून ठेव. इतका कुजकट माणूस मी पाहिला नाही, आणि मी जन्मभर सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांबरोबर काम केलंय. पण दर रविवारी तो माझा अपमान करायला धक्क्यावर येतो आणि दर वेळी जरा जास्त थांबतो. वाया गेली म्हणाला तेव्हा काठी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण त्याच दमात त्यानं सांगितलं, की तू लहान असताना घरात चोर शिरला तेव्हा तू अशी ओरडलीस की चोर चपला टाकून पळाला, आणि त्या दिवसापासून तुझं नाव टिटवी पडलं. हे सांगताना त्याचा चेहरा बघायला हवा होतास. ते त्यानं तुला लिहिलं नसणार.

मी कोण ते कळलं तर तो यायचा बंद होईल. तू सांगू नकोस. बाकी मासे नाहीत, पण हवा छान असते.

तुझा


१ मार्च

दादा,

पुढच्या पत्रात त्या उशीवाल्याला तू काय काय बोललास ते लिहू नकोस, मला त्यात गंमत वाटत नाही. त्यानं काय खाल्लं, अंगावर काय होतं, खोकत होता का, ते लिही.

आणि एक विचारते. तुझ्याशी आपणहून बोलायला येणारा आणखी एक माणूस सांग. पगारी सोडून. दिवसभर बसून विचार कर, पाण्याकडे बघत.

टिटवी


२४ मार्च

टिटवे,

उशीर झाला, कारण माझा पाय मोडला. घाबरू नकोस, घोट्याचं हाड आहे, मोठं काही नाही. प्लास्टर आहे. कसा मोडला ते सविस्तर लिहितो, म्हणजे मनुष्यजातीबद्दल तुझी काही आशा शिल्लक असेल तर तीही जाईल.

त्या रविवारी कुठल्याशा कंपनीची सहल आली होती. सगळ्यांनी एकसारखे पिवळे सदरे घातलेले, पाठीवर 'आपण एक कुटुंब'. ओट्यावर वारा लागतो म्हणून त्या कुटुंबानं पेटती शेगडी उचलली आणि वाळलेल्या पाणकणसांच्या आडोशाला ठेवली. यांचा एक व्यवस्थापक आहे, तो माणसांना कार्यक्षमता शिकवतो म्हणे. धूर दिसला तेव्हा मी कचेरीत होतो. पोचेपर्यंत निम्मं बेट पेटलं होतं. कुटुंब काठावर उभं राहून मोबाईलवर चित्रण करत होतं. एक बाई 'अगं बाई, पक्षी!' म्हणाली आणि तिनं तेही टिपून घेतलं.

रखवालदार पंप आणायला धावला. मी ओलं पोतं घेऊन आत शिरलो. पाणकोंबडीचं घरटं पलीकडच्या टोकाला होतं आणि अंडी उबत होती. मूर्खपणा होता, मान्य. जाताना एक कुजकी फळी पायाखाली तुटली, पाय अडकून मोडला आणि मी कमरेपर्यंत चिखलात. हाका मारल्या. कुटुंबातल्या एकानं काठावरून ओरडून सांगितलं, "काका, हलू नका, आणखी खाली जाल." एवढी मदत झाली.

मग तो आला. उशीवाला. बूट काढायचंही त्याला सुचलं नाही. धुरात, चिखलात खोकत खोकत आला आणि काखेत हात घालून मला पोत्यासारखा ओढायला लागला. आणि ओढताना तोंड चालू. म्हणे, "दादा, जोर लावा. आजवर एक मासा लागला नाही मला, निदान तुम्ही तरी हातातून निसटू नका."

मला दादा म्हणायचा हक्क जगात एकाच व्यक्तीला आहे. पण त्या वेळी मी चिखलात असल्यामुळे आक्षेप घेतला नाही.

पंप आला, आग विझली. निम्मं बेट गेलं. घरटं वाचलं. कंपनीनं फळांची टोपली आणि एक पिवळा सदरा पाठवला. टोपली रखवालदाराला दिली, सदऱ्यानं कचेरीची फरशी पुसतात.

आता तो रोज संध्याकाळी काम सुटलं की येतो. मी बोलावत नाही. दाढी करून देतो, वाईट करतो. अंडी उकडतो, कच्ची ठेवतो. कपाटं आवरतो आणि मग मला काही सापडत नाही. यंत्रांचं काम करतो म्हणाला, कुठली ते मी विचारलं नाही. लग्न झालंय का, एवढं विचारलं. झालंय म्हणे, बायको कुणाबद्दल एक शब्द बरा बोलत नाही. मला त्याची कीव आली. अशा बायका कुठून येतात कोण जाणे.

हे लिहू नये असं वाटतं, पण पाय दुखत असला की माणूस सैल होतो. तू लग्न ठरवलंस तेव्हा घाई केलीस. थोडं थांबायला हवं होतं. असा एखादा माणूस मिळाला असता. मूर्ख आहे, गबाळा आहे, बडबड्या आहे. पण तुला असा मिळाला असता तर मी हरकत घेतली नसती.

दादा


३१ मार्च

दादा,

पाय मोडला हे मला दहा दिवसांनी कळवतोस आणि तेही मनुष्यजातीवर निबंध लिहून. बरा हो. मग काय ते बोलते.

पण एक गोष्ट बरं होईपर्यंत थांबणार नाही. असा माणूस मला मिळायला हवा होता म्हणतोस. मला मिळालाय. हाच. ज्या बाईची तुला कीव करावीशी वाटली नाही आणि तिच्या नवऱ्याची वाटली, ती बाई मी. त्या कुठून येतात विचारतोस ना? तुझ्या घरातून. तूच वाढवलीस.

ती उशी मी शिवली. तू तिची टिंगल केलीस, तो तिच्यावर बसून राहिला. तू त्याच्या तोंडावर माझा नवरा म्हणून त्याची लायकी काढलीस, आणि त्यानं तुला चिखलातून काढलं. लग्नाच्या फोटोचं पाकीट फोडलं असतंस तर पहिल्याच रविवारी ओळखला असतास. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे, तसंच बंद. आता पाठवणार नाही. चेहरा तू रोज संध्याकाळी जवळून बघतोयस, वस्तरा गळ्याशी असताना.

त्यानं मला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. तो चांगला आहे, मी नाही. इतकी वर्षं तू मला 'हुशार होती' म्हणत आलास. होती नाही, दादा. आहे. या जन्मात मी एकच निर्णय तुला न विचारता घेतला आणि तोच तुझ्या खाटेशी बसून अंडी उकडतोय.

टिटवी


१५ एप्रिल

बाई,

तू सांगितलंस ना? मला वाटलंच होतं.

काल गेलो तर दार बंद. खिडकीतून उजेड. मी हाक मारली. आतून आवाज आला, "मी झोपलोय." म्हटलं, बरं. दाराशी डबा ठेवला आणि पायरीवर बसलो. थोड्या वेळानं आतून पुन्हा, "झोपलेल्या माणसाच्या दारात बसायचं नसतं." मी निघालो. वळून पाहिलं तेव्हा डबा जागेवर नव्हता.

आज गेलो तर रखवालदार म्हणाला, साहेबांनी कुणालाही सोडू नको म्हणून सांगितलंय. तो बिचारा हे बोलताना चपलेकडे बघत होता. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. पण या दोन भावंडांत कोण जास्त जहरी, हे मला आता खरंच सांगता येणार नाही.

लिफ्ट चालू झाल्या. कालपासून पेशंट वर-खाली जातायत. शनिवारच्या बसनं घरी येतो. मासे विकत आणू का?

तुझा


७ जून

लिफ्टवाले यांस,

हे पत्र तुम्हाला आहे, बहिणीला नाही. तिनं वाचलं तरी मी ते तिला लिहिलेलं नाही. तिच्या पत्रांना मी उत्तर दिलेलं नाही आणि तिनंही पत्रं थांबवलेली नाहीत, दर आठवड्याला नवी नवी विशेषणं येतात. भाषेवर तिचं प्रभुत्व आहे, ते माझ्यामुळे.

तुम्ही मला फसवलंत. नाव लपवून माझ्या धक्क्यावर बसलात, माझ्याकडून माझ्या घरच्या गोष्टी काढून घेतल्यात आणि मला त्या सांगायला आवडल्या, हा त्यातला सर्वांत मोठा गुन्हा. मी दार लावलं ते योग्यच होतं. त्या डब्यातली अंडी कच्चीच होती.

प्लास्टर निघालं आहे. काठी घेऊन चालतो. जळलेल्या जागी पाणकणसं पुन्हा उगवताहेत, कुणी सांगितलेलं नसताना. पाणकोंबडीची पिल्लं पोहायला लागली. ती आईच्या मागे रांगेत जातात, सहलीला आलेल्या कुठल्याही शाळेपेक्षा शिस्तीत.

धक्क्याच्या टोकाला, तुमच्या जागी, आता एक दंतवैद्य बसतो. तो मासे पकडतो. खरोखर पकडतो, एकामागून एक, आणि माझ्याशी चकार शब्द बोलत नाही. नियम पाळतो, कचरा उचलतो, वेळेवर जातो. असा गळवाला यावा म्हणून मी इतकी वर्षं वाट पाहिली. मला तो सहन होत नाही.

माझी बहीण वाया गेली, असं मी तुम्हाला म्हणालो होतो. मी बोललेलं मागे घेत नाही, ती माझी सवय नाही. पण ती वाया गेलीच असेल तर स्वतःच्या जिभेमुळे. त्यात लिफ्टचा काही संबंध नव्हता, तो मी उगाच जोडला.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दंतवैद्य कुठल्याशा परिषदेला जाणार आहे. जागा रिकामी असेल. तुम्हाला यायचं असेल तर या. तिला आणायचं असेल तर आणा. मात्र तिला सांगून ठेवा, इथे पाखरं आहेत, ओरडायचं नाही.

प्रवेशाचं तिकीट दारावर मिळतं. ते काढावं लागेल. अधीक्षकाच्या घरच्यांना इथे सवलत नाही.

दादा